काढून टाकू का, राहू दे? आधी ते कुणी बसवलं ते हुडका

प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचं वाचणाऱ्यालाही कळेल. खानापूर तालुक्यात तुमचं जेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. उतारे, दाखले, पॅनकार्ड, अंगठा घेऊन आधारवरून पैसे काढून देणं, हंगामात लग्नपत्रिका. दुकानातला डेस्कटॉप दीड वर्षापूर्वी उद्यमबागमधल्या (बेळगावचा कारखान्यांचा भाग) एका ऑफिसनं विकायला काढला तेव्हा तुम्ही घेतलेला. परवा डिस्क भरली म्हणून प्रोग्रामांची यादी उघडलीत आणि चार अनोळखी नावं गावली: विनपीकॅप, एनपीकॅप, सेंटिनेल रनटाइम आणि घड्याळाशेजारी निळं चिन्ह दाखवणारं एक नेटवर्क मॉनिटर. इंजिनिअरिंगला असलेला भाचा म्हणाला, "मामा, हे हॅकिंगचं आहे, आत्ताच्या आत्ता काढ." कॅमेरे बसवणारा म्हणाला, "हात लावू नका, कॅमेरे बंद पडतील." ऐकायचं कुणाचं, असं तुम्ही विचारलंय.

दोघांचंही अर्धं अर्धं ऐका.

मी २० वर्षांहून जास्त काळ बेळगावात ऑफिसांची आणि दुकानांची मशीनं, नेटवर्क सांभाळतो. असली यादी घेऊन कुणी आलं की मी आधी विचारतो, मशीन कुणाचं आणि हे बसवलं कुणी? तेच सॉफ्टवेअर पोरांच्या लॅपटॉपवर अभ्यासाचं असतं, कंपनीच्या मशीनवर देखरेखीचं असतं आणि चोराच्या हातात चोरीचं. नावावरून निकाल लागत नाही. बसवणारा माणूस ठाऊक असेल तर काढायची घाई नाही, त्याला विचारता येतं. ठाऊक नसेल तर ते एक काढून भागत नाही, कारण त्यानं आणखी काय काय बसवलं असेल हे तुम्हाला कुठं ठाऊक आहे? त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं मूळ मला या चार नावांत दिसत नाही. या मशीनवर लोकांचे अंगठे घ्यावेत का, तिथं ते आहे. त्याकडे शेवटी येतो. आधी चार नावं.

विनपीकॅप आणि एनपीकॅप एकाच कुळातली. नेटवर्कवरून ये-जा करणारी पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, जशीच्या तशी उचलून दुसऱ्या प्रोग्रामच्या हातात द्यायची, एवढंच त्यांचं काम. स्वतःहून ती काही साठवत नाहीत की कुठं पाठवत नाहीत. विनपीकॅप इटलीतल्या तुरीनच्या पॉलिटेक्निकमधून आलं. त्याची शेवटची आवृत्ती ४.१.३, ती २०१३ सालची, त्यानंतर काम थांबलं. एनपीकॅप हे एनमॅप (नेटवर्क चाचपायचं सॉफ्टवेअर) बनवणाऱ्यांनी काढलेलं त्याचं नवं रूप. वायरशार्क हे पॅकेट तपासायचं प्रसिद्ध सॉफ्टवेअर २०१९ पासून विनपीकॅपऐवजी एनपीकॅप सोबत देतं.

आपल्याकडच्या जुन्या मशीनांवर ही नावं गावली तर नवल नाही. मच्छेला व्हीटीयू या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय, भोवती इंजिनिअरिंग कॉलेजं. नेटवर्कच्या प्रॅक्टिकलला पोरं वायरशार्क घेतात आणि लॅपटॉप विकताना ते तसंच आत राहतं. टिळकवाडीतल्या एका आजोबांनी नातवाच्या लॅपटॉपवर 'पॅकेट ट्रेसर' वाचून मला रात्री दहाला फोन केला होता. ते बिचारं खऱ्या नेटवर्कची पॅकेट पकडतसुद्धा नाही. पडद्यावर खोटे राउटर जोडून सराव करायचं सिस्कोचं सॉफ्टवेअर आहे ते.

विनपीकॅप असलं की विंडोजच्या सर्व्हिसेसच्या (पडद्याआड चालणाऱ्या प्रोग्रामांच्या) यादीत आणखी एक ओळ दिसते: 'रिमोट पॅकेट कॅप्चर प्रोटोकॉल', पुढे कंसात 'एक्सपेरिमेंटल'. 'रिमोट' वाचलं की लोकांच्या पोटात गोळा येतो. शेजारचे दोन रकाने बघा. स्टेटसचा रकाना कोरा आणि सुरुवातीच्या प्रकारात 'मॅन्युअल' असेल, तर ती सर्व्हिस नुसती पडून आहे. तिथं 'रनिंग' आणि 'ऑटोमॅटिक' असेल, तर ती कुणीतरी मुद्दाम चालू केलेली आहे. तेव्हा मात्र मी चहाचा कप खाली ठेवतो.

आता कॅमेरावाल्याचं अर्धं खरं. काही कंपन्यांचं कॅमेरे हुडकायचं छोटं सॉफ्टवेअर असतं. नेटवर्कवर कोणता कॅमेरा कोणत्या आयपीवर (नेटवर्कवरच्या पत्त्यावर) आहे ते बघायला, पासवर्ड रिसेट करायला त्याला विनपीकॅप लागतं. पण ते बसवताना लागतं. रोज पडद्यावर कॅमेरे बघायला, रेकॉर्डिंग व्हायला लागत नाही. म्हणजे विनपीकॅप काढल्यानं तुमचे कॅमेरे बंद पडायचे नाहीत. पुढच्या वेळी तो येईल तेव्हा त्याला पुन्हा काहीतरी बसवावं लागेल, इतकंच. त्याची काळजी त्याच्या कामाची आहे, तुमच्या कॅमेऱ्यांची नव्हे. विनपीकॅपवर इतक्या वर्षांत कुणी दुरुस्ती केलेली नाही, त्यामुळे ते मी कुठल्याही मशीनवर ठेवत नाही. गरज असेल तर एनपीकॅप बसवताना विनपीकॅपसारखं वागायची खूण करता येते, जुनी सॉफ्टवेअर बहुतेक वेळा त्यावर चालतात.

सेंटिनेलचा आणि हेरगिरीचा काही संबंध नाही. ती लायसन्सच्या कुलपाची यंत्रणा. कॅड-कॅमची, एम्ब्रॉयडरी डिझाइनची महागडी सॉफ्टवेअर पेनड्राइव्हसारखा एक तुकडा मशीनला लावल्याशिवाय उघडत नाहीत, त्या तुकड्याशी बोलणारी सर्व्हिस ही. ती १९४७ या पोर्टवर, म्हणजे नेटवर्कच्या त्या क्रमांकाच्या दारावर, कान लावून बसते. आकडा विसरायची सोय नाही, त्यामुळे नव्या पोरांना पोर्ट शिकवताना मी इथूनच सुरुवात करतो.

आणि हीच सर्व्हिस मी एकदा काढली होती. उद्यमबागमधलंच एक मशिन शॉप. मालकांना कुणीतरी सांगितलेलं की नेटवर्कवर अनोळखी काहीतरी 'ऐकतंय'. मी तरुण होतो, हात शिवशिवत होते. यादीत एचएएसपी की काय असं नाव (याच सेंटिनेलचं जुनं नाव) दिसलं, मला ओळखीचं वाटलं नाही, काढलं, मशीन बंद केलं आणि घरी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला फोन. डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडेना, दोन मशीनं थांबलेली, ऑपरेटर तंबाखू मळत बाहेर बसलेले. ड्रायव्हर हुडकून पुन्हा बसवेपर्यंत दुपारचा एक वाजला. मालक काही बोलले नाहीत, फक्त बिल देताना अर्धा दिवस कापला. तेव्हापासून मी आधी बंद करतो आणि काढायचं नंतर बघतो.

तुमच्या मशीनच्या मागं असा तुकडा लावलेला आहे का, वाकून बघा. नसेल तर जुन्या ऑफिसनं तो स्वतःकडे ठेवला आणि सर्व्हिस तेवढी मागं राहिली. पण लग्नपत्रिकांसाठी मराठी-कन्नड टायपिंगचं एखादं जुनं पॅकेज वापरत असाल आणि त्याला असलं कुलूप असेल, तर हात लावू नका.

राहिलं निळं चिन्ह. हे कोण ते तुमच्या वर्णनावरून सांगता येत नाही. खानापूरकडचा पाऊस आणि विजा तुम्हाला मी काय सांगू, जून-जुलैत लॅनचे (नेटच्या वायरीचे) पोर्ट जळालेली मशीनं माझ्याकडे रांगेनं येतात. मग कुणीतरी नवा मदरबोर्ड किंवा लॅन कार्ड घालतो आणि त्याच्या सीडीतून कंपनीचं 'नेटवर्क मॅनेजर' आपोआप बसतं. कोणता प्रोग्राम किती डेटा खातो ते दाखवायचं आणि वेग वाढवल्याचा आव आणायचा. एएसरॉकच्या बोर्डांबरोबर येणारं एक्सफास्ट लॅन त्यातलंच. निरुपद्रवी, पण माझ्या अनुभवात वेग वाढवण्यापेक्षा नेट अडवण्याचंच काम जास्त करतं. असलं काही निघालं तर बिनधास्त काढा.

आता भाच्याच्या 'हॅकिंग'बद्दल. समजा यातलं एखादं खरंच पॅकेट पकडत असेल, तर त्याला दिसतं काय? आपल्या बसमधून पार्सल पाठवतो तसं समजा. कंडक्टरला कळतं पार्सल कुठल्या गावचं, किती जड, किती वाजता चढलं. आत काय आहे ते दिसत नाही. बँकेच्या साइटवर कुलूप असतं तेव्हा पकडणाऱ्याला बँकेचं नाव कळतं, तुमचा पासवर्ड कळत नाही. शिवाय नेटवर्कच्या वायरी जिथं एकत्र येतात त्या स्विचला जोडलेल्या एका मशीनला बहुतेक स्वतःचीच पॅकेट दिसतात, शेजारच्या मशीनची दिसायला वेगळे उद्योग करावे लागतात.

हे बिघडतं मुख्यतः एका वाटेनं. वाटेत कुणी पार्सल फोडून, वाचून, पुन्हा तसंच शिवून पाठवायला लागला तर. त्यासाठी तुमच्या विंडोजमध्ये एक खोटं मूळ प्रमाणपत्र (साइट खरी आहे अशी ग्वाही देणारा दाखला) घालावं लागतं. हे काही कल्पनेतलं नाही. लेनोवोच्या काही नव्या कोऱ्या लॅपटॉपांवर कंपनीनंच सुपरफिश नावाचं जाहिरातींचं सॉफ्टवेअर घातलं होतं, ते नेमकं हेच करत होतं, आणि सगळ्या लॅपटॉपांत गुप्त किल्ली एकच होती. २०१५ साली ते उघडकीला आलं. त्यामुळे मी पॅकेट पकडणाऱ्यापेक्षा प्रमाणपत्राला जास्त भितो. तपासायला दोन मिनिटं लागतात. ब्राउझरमध्ये बँकेची साइट उघडा, पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर दाबा, प्रमाणपत्र उघडा आणि 'इश्यूड बाय' खाली कुणाचं नाव आहे ते वाचा. मग तीच साइट मोबाइलच्या डेटावर उघडून तिथलं नाव बघा. दोन्हीकडे एकच असेल तर ठीक. मशीनवर तुमच्या अँटीव्हायरसचं नाव आलं तर तो वेबची तपासणी करतोय, तेही समजण्यासारखं आहे. तिसरंच कसलं नाव आलं तर त्या मशीनवर त्या दिवसापासून एकही व्यवहार करू नका.

दुसरी तपासणी उघड्या पोर्टांची. टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, तिथून रिसोर्स मॉनिटर, त्यात नेटवर्क, आणि तळाशी 'लिसनिंग पोर्ट्स'. पत्त्याच्या रकान्यात 'लूपबॅक' लिहिलेलं असेल तर तो प्रोग्राम मशीनच्या आतल्या आत बोलतोय. 'अनस्पेसिफाइड' असेल तर फायरवॉलनं अडवलं नाही तर बाहेरून कुणी दार वाजवू शकतं. तुमच्याकडे ११,१०० ते ११,१२० या दरम्यानचा एखादा पोर्ट उघडा दिसेल. दचकू नका, ती तुमच्या अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस आहे, म्हणजे ते मशीन आधारच्या कामाला जोडणारा प्रोग्राम. ती काढलीत तर आधारचे व्यवहार जागच्या जागी थांबतील आणि दुकानात म्हातारी माणसं रांगेत उभी असतील.

या यादीत मी खरा हुडकतो तो दूरून मशीन चालवणारा प्रोग्राम: एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, अल्ट्राव्ह्यूअर, यातलं काहीही. चोर दारावर पाटी लावून बसत नाही. 'नेटवर्क मॉनिटर' असं नाव घेऊन यादीत बसणारा बहुधा चोर नसतो. शहापूरच्या एका अकाउंटंटकडे असंच झालं. त्यांनी घाबरून वायरशार्क काढून टाकलं आणि निर्धास्त झाले. मी बघितलं तर कधीकाळी सपोर्टसाठी घातलेला दूरून जोडायचा प्रोग्राम कायमच्या पासवर्डसह चालूच होता, आणि पासवर्ड होता त्यांच्या दुकानाचं नाव आणि पुढं १२३. ज्यानं तो घातला तो पोरगा काम सोडून कधीच गेलेला. तुमच्याकडे असलं काही असेल तर कायमचा पासवर्ड आधी काढा, मग बाकीचं.

बंद करायची माझी पद्धत सांगतो. एनपीकॅप असेल तर नेटवर्क कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये जी लांब यादी येते, त्यात 'एनपीकॅप पॅकेट ड्रायव्हर' अशी ओळ असते, पुढे बरोबरची खूण. ती खूण काढायची, प्रोग्राम तसाच ठेवायचा. सेंटिनेलसारख्या सर्व्हिसला 'डिसेबल्ड' करायचं. कागदावर तारीख आणि काय केलं ते लिहून मॉनिटरला चिकटवायचं. मग आठ-दहा दिवस नेहमीसारखं दुकान चालवायचं. जे कुरकुर करेल तो त्या सॉफ्टवेअरचा मालक. कुणीच कुरकुर केली नाही तर सेटिंग्जमधल्या ॲप्समधून रीतसर काढायचं आणि मशीन रीस्टार्ट करायचं. फोल्डर हातानं उडवायचा नाही. ही मंडळी नेटवर्कच्या ड्रायव्हरमध्ये स्वतःला अडकवून घेतात. फाइल गेली आणि अडकवलेलं तसंच राहिलं की नेटच बंद. मग 'नेटवर्क रिसेट' करायची पाळी येते आणि कॅमेऱ्यासाठी, प्रिंटरसाठी मशीनला दिलेला आयपी पुन्हा घालत बसावं लागतं. आणि हे शनिवारी संध्याकाळी करू नका. रविवारी कुणी फोन उचलत नाही, मीही नाही.

वर म्हटलं ते सगळं मशीन तुमचं स्वतःचं आहे म्हणून. बेंगळुरू-पुण्याच्या कंपनीनं दिलेला लॅपटॉप घेऊन घरी काम करणारे आता आपल्या गल्लीगल्लीत आहेत. त्यांनी यातलं काहीही करू नये. मशीन कंपनीचं, देखरेख कंपनीची, शंका असेल तर त्यांच्या आयटीवाल्यांना मेल करून विचारावं. आणि घरातल्याच कुणी नजर ठेवायला काही घातलंय अशी शंका असेल तर गोष्ट वेगळी आणि नाजूक. काढलं की घालणाऱ्याला कळतं आणि पुरावाही जातो. अशा वेळी दुसऱ्याच फोनवरून विश्वासातल्या माणसाशी बोलावं, पडद्याचे फोटो काढून ठेवावेत, मग पोलिसांचं सीईएन (सायबर गुन्ह्यांचं) ठाणं आहे. पैसे गेले असतील तर एक क्षण न थांबता सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरावर फोन.

आता तुमच्या मशीनकडे परत. बसवल्याची तारीख यादीत दिसते, ती तुम्ही मशीन घेतल्याच्या तारखेशी ताडून बघा. अपडेटनं ती बदलते, पण अंदाज येतो. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सही असते, तीही बघा. सही कुणी बनवलं ते सांगते, कुणी बसवलं ते सांगत नाही. यावरून विनपीकॅप कॅमेरावाल्याचं आणि बाकीची जुन्या ऑफिसची, असं निघेल असा माझा अंदाज आहे. पण जुन्या ऑफिसची म्हणजे तुम्ही आतापर्यंत दुसऱ्याच्या विंडोजवर बसून तिसऱ्याचे अंगठे घेत होता. कॉलनीत घर घेतलं आणि कुलूप बदललंच नाही, असं झालं हे.

म्हणून माझं मत: चार नावांचा खल करू नका, मशीन फॉरमॅट करा. तसंही विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीनचा प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा पुढचा असेल आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप असेल तर विंडोज ११ घाला. जुना असेल तर तो लग्नपत्रिकांना ठेवा आणि आधारचं, बँकेचं काम दुसऱ्या मशीनवर न्या. फॉरमॅटच्या आधी आरडी सर्व्हिसची नोंदणी, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, नुडी (कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर) आणि मराठी फॉन्ट, प्रिंटरचा ड्रायव्हर, कॅमेऱ्याचे आयपी आणि पासवर्ड, एवढं वहीत उतरवून ठेवा. दिवसभराचं काम आहे.

आणि एक. 'डाउनलोड्स' फोल्डर उघडा. दीड वर्षातली लोकांची आधारकार्डं, पासबुकं, जातीचे दाखले तिथं पडून असतील. कुठल्याही नेटवर्क मॉनिटरपेक्षा तो फोल्डर मला जास्त धोक्याचा वाटतो. त्याचा बॅकअप घेऊ नका, फॉरमॅटबरोबर जाऊ दे, आणि पुढं रोज दुकान बंद करताना रिकामा करा.

फॉरमॅट होईपर्यंत मात्र ते निळं चिन्ह कुठून चालतं तेवढं बघून कळवा. टास्क मॅनेजरमध्ये त्या नावावर राइट-क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन'. प्रोग्राम फाइल्समध्ये निघालं आणि बोर्डाच्या कंपनीचं नाव असलं तर चालू द्या चार दिवस. टेम्प नाहीतर प्रोग्रामडेटामध्ये अर्थ न लागणाऱ्या अक्षरांच्या फोल्डरात निघालं, तर लॅनची वायर काढा, वाय-फाय असेल तर तेही बंद करा, काहीही डिलीट करू नका आणि मशीन तसंच ठेवून मला सांगा.